अटारीचं १२८ बाइटांचं राज्य

सप्टेंबर १९७७ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत १९९ डॉलरला एक पेटी विक्रीला आली. काळं प्लॅस्टिक, दर्शनी बाजूला लाकडाचा भास देणारी पट्टी, वर सहा खटके, सोबत जॉयस्टिकची जोडी आणि ‘कॉम्बॅट’ नावाच्या रणगाड्यांच्या गेमची एक कार्ट्रिज. पेटी टीव्हीला जोडायची, कार्ट्रिज खाचेत बसवायची आणि खेळायला लागायचं. अटारी कंपनीनं तिचं नाव ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’ असं ठेवलं होतं. पुढे मॉडेलच्या क्रमांकावरून ती ‘अटारी २६००’ म्हणून जगभर ओळखली गेली. १९९२ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं तोवर सुमारे ३ कोटी पेट्या विकल्या गेल्या होत्या. मधल्या काळात, १९८३ साली, ती आपल्याबरोबर अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा सगळा धंदा घेऊन कोसळलीही होती.

या पडझडीची एक सोपी गोष्ट सर्रास सांगितली जाते. ‘ई.टी.’ नावाचा एक टुकार गेम आला, लोकांनी तो परत केला आणि कंपनी बुडाली. मला ही गोष्ट पटत नाही. अटारी २६०० ला मोठं केलं ते तिच्यासाठी गेम लिहिणाऱ्या मूठभर माणसांनी, आणि नेमकी हीच माणसं कंपनीच्या हिशेबात कुठेच नव्हती. पडझडीचं मूळ तिथे आहे. ते समजून घ्यायचं तर आधी पेटी उघडून आत पाहायला हवं.

अटारीची स्थापना १९७२ ची. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी कॅलिफोर्नियात ती काढली आणि त्याच वर्षी अॅल अल्कॉर्न या इंजिनिअरनं बनवलेल्या ‘पाँग’नं लवकरच अमेरिकेतले बार आणि करमणुकीचे अड्डे भरून टाकले. १९७५ मध्ये ‘पाँग’ घरी खेळायच्या रूपात आला. पण त्या यंत्रात एकच खेळ होता आणि तो सर्किटमध्येच कोरलेला होता. कंटाळा आला की यंत्र माळ्यावर जाई. गेम यंत्रापासून वेगळा काढून कार्ट्रिजमध्ये भरता आला तर ग्राहक वर्षानुवर्षं नवे गेम घेत राहील, हे अटारीतल्या लोकांनी ओळखलं होतं. मात्र ही कल्पना बाजारात पहिल्यांदा आणण्याचा मान अटारीचा नाही. फेअरचाइल्ड कंपनीचं ‘चॅनल एफ’ १९७६ मध्येच आलं होतं. त्यामागे जेरी लॉसन हे कृष्णवर्णीय इंजिनिअर होते. त्यांचं नाव फार उशिरा लोकांपर्यंत पोचलं, म्हणून इथे मुद्दाम घेतो.

अटारीच्या यंत्राचं सांकेतिक नाव होतं ‘स्टेला’. जो डेक्युअर या तरुण इंजिनिअरच्या सायकलचं ते नाव. यंत्राचा मेंदू म्हणजे ६५०७ ही चिप. त्या काळी चांगल्या प्रोसेसरला शेकडो डॉलर पडत. चक पेडल यांच्या चमूनं मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीत बनवलेली ६५०२ ही चिप १९७५ मध्ये २५ डॉलरला विकायला आली आणि सगळी गणितं बदलली. ६५०७ ही तिची आणखी स्वस्त, कमी पायांची आवृत्ती. प्रोसेसर स्वस्त झाला, पण मेमरी महागच होती. त्यामुळे अटारीच्या इंजिनिअरांनी मेमरीत इतकी काटकसर केली की आज वाचून विश्वास बसत नाही. अटारी २६०० मध्ये रॅम होती १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे त्या मेमरीत जेमतेम ४२ चिन्हं मावतील, हे वाक्यही पुरतं मावणार नाही.

खरी गंमत पुढे आहे. नेहमीच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं चित्र आधी मेमरीत तयार असतं आणि तिथून ते पडद्यावर जातं. अटारीचा पडदा आडवा १६० ठिपक्यांचा आणि उभा साधारण १९२ ओळींचा. त्याचं नुसतं काळं-पांढरं चित्र साठवायचं म्हटलं तरी ३,८४० बाइट लागतात. ते नव्हतेच. मग चित्र ठेवायचं कुठे? कुठेच नाही. या यंत्राला स्वतःचं चित्र आठवतच नसे. जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली अशा २६२ ओळी सेकंदाला ६० वेळा काढत असतो. तो झोत ज्या ओळीवर असेल तेवढीच ओळ अटारीला ठाऊक असायची. मागावर बसलेला विणकर एकेक आडवा धागा टाकत नक्षी उमटवतो, तसं गेमच्या प्रोग्रामला प्रत्येक ओळ त्या त्या क्षणी ‘विणावी’ लागे. एका ओळीसाठी प्रोसेसरला त्याच्या घड्याळाचे मिळत ७६ ठोके. एकेका सूचनेला दोनापासून पाच-सहा ठोके जात, म्हणजे एका ओळीमागे वीस-पंचवीस सूचना. तेवढ्यात पुढच्या ओळीचा रंग, आकार, जागा ठरवून चिपच्या हवाली करायची. उशीर झाला तर झोत निघून गेलेला असे आणि चित्र विस्कटे. शत्रू हलवणं, गुण मोजणं, कोण कुणाला धडकलं ते तपासणं, ही बाकीची कामं झोत पडद्याच्या तळाशी पोचून पुन्हा वर येईपर्यंतच्या अवधीत उरकायची. या कसरतीला प्रोग्रामर ‘झोताशी शर्यत’ म्हणतात. निक मॉन्टफर्ट आणि इयन बोगोस्ट यांनी या यंत्रावर २००९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचं नावही ‘रेसिंग द बीम’ असंच आहे.

चित्र काढण्याचं काम करणारी चिप जे मायनर यांनी घडवली होती. तिला मुळात इतकंच येत असे: दोन खेळाडू, प्रत्येकाची एक गोळी, एक चेंडू आणि मागची भिंत. ‘पाँग’ आणि रणगाड्यांची लढाई, या दोन खेळांना जेवढं लागतं तेवढंच. बनवणाऱ्यांनी ते यंत्र तीनेक वर्षं चालेल असं धरलं होतं. मग त्यावर पुढे शेकडो गेम निघाले कसे?

बुद्धिबळाचं उदाहरण घ्या. पटावर एका रांगेत आठ मोहरी असतात. चिपकडे खेळाडूंच्या आकृत्या दोनच. त्या प्रत्येकीच्या तीन प्रती एकाच ओळीत उमटवायची सोय होती, म्हणजे फार तर सहा. आठ होतच नाहीत. अटारीचे प्रोग्रामर बॉब व्हाइटहेड यांनी युक्ती काढली. एक ओळ सोडून एक ओळ, अशी अर्धी मोहरी सम ओळींवर आणि अर्धी विषम ओळींवर काढायची. मोहऱ्यांना आडव्या फटी पडल्या, खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्यासारख्या, पण आठही दिसली. या गेमची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. यंत्र चाल शोधायला लागलं की पट नाहीसा होतो आणि पडद्यावर नुसते रंग पालटत राहतात. कारण प्रोसेसर विचारात गुंतला की झोतामागे धावायला मोकळा नसतो. विचार करायचा की चित्र काढायचं, दोन्हींपैकी एकच काम त्याला जमे. इतकं असूनही १९७९ मध्ये हे यंत्र माणसाशी बुद्धिबळ खेळत होतं.

अशी करामत जाहिरातीतून किंवा कारखान्यातून येत नाही. ती एका माणसाच्या डोक्यातून येते. त्या काळात एक गेम बहुधा एकच माणूस करायचा: कल्पना त्याची, चित्रं त्याची, आवाज त्याचे, प्रोग्राम त्याचा. यंत्र सगळ्यांकडे सारखंच होतं. गेम चांगला की वाईट हे सर्वस्वी लिहिणाऱ्यावर होतं.

पण कंपनीला हे कळायला हवं होतं ना. यंत्र बाजारात आणायला लागणारा पैसा अटारीकडे नव्हता, म्हणून १९७६ मध्ये बुशनेल यांनी कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्सला सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरला विकली. पहिली दोन वर्षं विक्री बेताचीच राहिली. बुशनेल आणि वॉर्नरचे खटके उडाले, १९७८ च्या अखेरीस बुशनेल बाहेर पडले आणि सूत्रं रे कासार यांच्याकडे गेली. कासार कापड उद्योगात मुरलेले होते. जाहिरात, वितरण, हिशेब यांची शिस्त त्यांनी कंपनीला लावली आणि त्याचा फायदाही झाला, हे मान्य करायला हवं. १९८० मध्ये अटारीनं जपानच्या ताइतो कंपनीच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे हक्क घेऊन त्याची घरगुती आवृत्ती काढली. बाहेर नाणी टाकून खेळायचा तो खेळ आता घरात आला आणि निव्वळ त्यासाठी लोक २६०० विकत घ्यायला लागले. रिक मॉरर यांनी तो लिहिला. पडद्यावर परग्रहवासीयांच्या सहा-सहाच्या सहा रांगा. दोन आकृत्यांच्या तीन प्रती, त्याचे सहा. चिपची जेवढी ताकद तेवढी पुरेपूर वापरलेली. थोड्याच काळात अशी वेळ आली की वॉर्नरसारख्या चित्रपट आणि संगीतात मुरलेल्या कंपनीच्या नफ्यातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या अटारीकडून येऊ लागला.

हे पैसे कमावून देणाऱ्यांना मात्र ठरलेला पगार मिळे. खोक्यावर नाव नाही, गेममध्ये नाव नाही, विक्रीत वाटा नाही. नाव छापलं तर दुसरी कंपनी माणूस पळवेल, ही व्यवस्थापनाची भीती. वॉरन रॉबिनेट या तरुण प्रोग्रामरनं ‘अॅडव्हेंचर’ लिहिताना यावर गुपचूप उपाय केला. काळ्या किल्ल्याच्या चक्रव्यूहात त्यानं एक ठिपका लपवला. एकच ठिपका, तोही मागच्या करड्या रंगात मिसळून गेलेला. तो उचलून एका ठरावीक भिंतीपाशी नेला की भिंतीतून आत जाता येई आणि आतल्या खोलीत रंग बदलणारी अक्षरं दिसत: हा गेम वॉरन रॉबिनेटनं बनवला आहे. त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. कंपनीला कळलं ते सॉल्ट लेक सिटीतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलानं पत्र लिहिलं तेव्हा. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता आणि कार्ट्रिजमधली चिप नव्यानं बनवून घेणं खर्चाचं होतं. शेवटी ती खोली तशीच राहू दिली. आज जगभरच्या गेममध्ये अशी गुपितं लपवतात आणि त्यांना ‘ईस्टर एग’ म्हणतात. तो शब्द या खोलीपासून गेमच्या दुनियेत रूढ झाला.

रॉबिनेटनं नाव लपवून लिहिलं. चौघांनी दुसरा मार्ग धरला. कोणत्या गेमनी किती धंदा केला याची एक यादी अटारीच्या विक्री विभागानं प्रोग्रामरांमध्ये फिरवली. काय खपतं ते पाहा आणि तसंच लिहा, हा हेतू. डेव्हिड क्रेन, अॅलन मिलर, लॅरी कॅपलान आणि बॉब व्हाइटहेड यांनी ती यादी वाचून बेरीज केली. क्रेन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, कंपनीच्या कार्ट्रिज विक्रीतला सुमारे ६० टक्के हिस्सा या चौघांच्या गेमचा निघाला. ते मोबदला आणि श्रेय मागायला गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. १९७९ मध्ये त्यांनी जिम लेव्ही यांच्यासह ‘अॅक्टिव्हिजन’ काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे गेम बनवून विकणारी ही पहिली कंपनी. तिच्या प्रत्येक गेमच्या माहितीपुस्तिकेत तो लिहिणाऱ्याचं नाव आणि फोटो असे.

क्रेन यांचा १९८२ मधला ‘पिटफॉल’ पाहिला की अटारीनं काय गमावलं ते कळतं. जंगलातून धावणारा हॅरी, दलदल, मगरी, लोंबणाऱ्या वेली, वीस मिनिटांत शोधायचे ३२ खजिने आणि २५५ वेगवेगळे पडदे. सगळं ४ किलोबाइटमध्ये. इतके पडदे एकेक करून साठवणं अशक्यच होतं. क्रेन यांनी एका बाइटचा असा गणिती मोजक रचला की तो ठरावीक नियमानं २५५ आकड्यांतून फिरतो आणि उलटाही फिरवता येतो. प्रत्येक आकड्यातल्या बिटांवरून झाडं कुठे, खड्डा कोणता, वेल आहे की नाही हे ठरतं. उजवीकडे गेलात की मोजक पुढे, डावीकडे वळलात की मागे, त्यामुळे मागे सोडलेलं जंगल जसंच्या तसं पुन्हा सापडतं. अख्खं जंगल एका बाइटमध्ये. याच कंपनीत कॅरल शॉ यांनी ‘रिव्हर रेड’ लिहिला, नदीवरून विमान उडवण्याचा. तिथली नदीही अशाच मोजकातून वाहते. शॉ आधी अटारीतच होत्या. व्हिडिओ गेम लिहिणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

अटारीनं अॅक्टिव्हिजनवर दावा लावला. तो १९८२ मध्ये तडजोडीनं मिटला आणि स्वतंत्र कंपन्यांना २६०० साठी गेम बनवायची वाट मोकळी झाली. मग जो तो त्यात उतरला. क्वेकर ओट्स या ओटमील विकणाऱ्या कंपनीनं गेमचा विभाग काढला. कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या प्युरिनानं आपल्या जाहिरातीवर बेतलेला गेम आणला. अॅक्टिव्हिजनला चार अव्वल माणसं मिळाली होती. या नव्यांकडे माणसं नव्हती, नुसतं भांडवल होतं. पण आई-वडील दुकानात जात तेव्हा त्यांना सगळी खोकी सारखीच चकचकीत दिसत.

अटारीनं स्वतः काय केलं? १९८२ मध्ये ‘पॅक-मॅन’ आणला. त्याहून लाडका खेळ तेव्हा अमेरिकेत नव्हता. टॉड फ्राय यांनी तो एकट्यानं, ४ किलोबाइटच्या मर्यादेत लिहिला. चार भुतं एकाच आकृतीत बसवायची म्हणून चार चित्रांमागे एकेक भूत आळीपाळीनं दाखवावं लागलं, त्यामुळे ती सतत लुकलुकत राहिली. रंग वेगळे, आवाज वेगळे. तरी ७० लाखांच्या वर कार्ट्रिज खपल्या, म्हणजे २६०० चा तोपर्यंतचा सर्वाधिक खपाचा गेम. पण कंपनीनं त्याहूनही जास्त बनवून ठेवल्या होत्या, आणि घरी नेऊन खेळलेल्यांचा हिरमोड झाला होता. पुढच्याच वर्षी ‘मिस पॅक-मॅन’ आला, दुप्पट मेमरीच्या कार्ट्रिजवर आणि भुतांचं लुकलुकणं बरंच कमी करून. म्हणजे यंत्राला जमत नव्हतं असं नाही. घाई आणि कंजुषी नडली.

‘ई.टी.’ची गोष्टही तीच. स्पीलबर्ग यांचा त्याच नावाचा चित्रपट जून १९८२ मध्ये आला आणि वॉर्नरनं गेमचे हक्क कोट्यवधी डॉलर मोजून घेतले. वाटाघाटी संपायला जुलै अखेर उजाडली. नाताळात माल दुकानात हवा, म्हणजे प्रोग्राम १ सप्टेंबरला तयार हवा. एका गेमला एरवी सहा महिने किंवा त्याहून जास्त लागत. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना पाच आठवडे मिळाले. ते नवखे नव्हते. त्यांचा ‘यार्स रिव्हेंज’ आजही २६०० च्या उत्तम गेममध्ये गणला जातो. पाच आठवड्यांत त्यांनी चालणारा, पूर्ण गेम दिला, हीच मोठी गोष्ट. त्यात खड्डे होते आणि ई.टी. वारंवार त्यांत पडे. त्याचं कारण अगदी बारीक आहे: ई.टी.चे पाय जमिनीवर असले तरी डोक्याचा एखादा ठिपका खड्ड्याच्या काठाला शिवला की यंत्र त्याला आत ढकले. आणखी एक-दोन आठवडे मिळून मुलांच्या हाती खेळायला दिला असता तर हा दोष तिथेच सापडला असता. तेवढा वेळ कुणी दिला नाही.

७ डिसेंबर १९८२ ला वॉर्नरनं जाहीर केलं की नफ्यातली वाढ अपेक्षेपेक्षा खूपच कमी असेल. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे एक तृतीयांशानं कोसळला. १९८३ मध्ये दुकानांत न खपलेल्या कार्ट्रिजचे ढीग लागले. ३०-३५ डॉलरच्या कार्ट्रिज ५ डॉलरला टोपल्यांत आल्या. लहान कंपन्या बुडाल्या होत्या, त्यांना माल परत तरी कसा करणार? त्यात कमोडोर ६४ सारखे घरगुती कॉम्प्युटर स्वस्त होत गेले आणि पालक तिकडे वळले. अटारीला त्या एका वर्षात ५० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. सप्टेंबर १९८३ मध्ये तिनं न खपलेला माल ट्रक भरभरून न्यू मेक्सिकोतल्या अॅलामोगोर्डो गावच्या कचराडेपोत नेऊन गाडला. २०१४ मध्ये तो खणला तेव्हा ‘ई.टी.’बरोबर इतर कितीतरी गेम निघाले, त्यांत चांगले खपलेलेही होते. जुलै १९८४ मध्ये वॉर्नरनं अटारीचा घरगुती विभाग उद्योजक जॅक ट्रॅमिएल यांना विकून टाकला. १९८३ मध्ये सुमारे ३२० कोटी डॉलरचा असलेला अमेरिकेतला हा धंदा १९८५ पर्यंत १० कोटींच्या आसपास आला, असा आकडा नेहमी दिला जातो.

ही पोकळी भरली जपानच्या निन्टेन्डोनं. फॅमिकॉम हे यंत्र त्यांनी जुलै १९८३ मध्ये जपानात आणलं होतं. अमेरिकेत उतरताना त्यांनी यंत्रात कुलूप घालणारी चिप बसवली, परवान्याशिवाय कुणाला गेम काढता येईना आणि कार्ट्रिजही निन्टेन्डोच बनवून देऊ लागली. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या मुलांनी ज्या यंत्रांच्या खाचेत फुंकर मारून ‘कॅसेटी’ घातल्या, ज्यांवर मारिओ आणि कॉन्ट्रा खेळले, ती यंत्रं बहुतांशी या फॅमिकॉमच्याच स्वस्त नकला होत्या. त्यांच्या पोटातला प्रोसेसरही ६५०२ च्याच घराण्यातला. २६०० आपल्याकडे फार थोड्या घरांनी पाहिली, पण तिच्या चिपचं भावंड आपल्या पिढीच्या हाताखाली रोज चालत होतं.

२६०० स्वतः मात्र लगेच मेली नाही. १९८६ मध्ये तिची छोटी आवृत्ती ५० डॉलरच्या आत विकायला आली आणि आणखी काही वर्षं खपत राहिली. आजही जगभरचे हौशी लोक तिच्यासाठी नवे गेम लिहितात, त्याच ७६ ठोक्यांत आणि त्याच १२८ बाइटांत. वॉर्शॉ पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाले. त्यांच्या गेमच्या डोक्यावर एका कंपनीच्या बुडण्याचं खापर आजवर फोडलं जातं, ते अन्यायाचं आहे. माणसाच्या कौशल्यावर उभं राहिलेलं यंत्र त्या माणसांनाच नाकारून चालवायचा प्रयत्न झाला, आणि तो फसणारच होता.

इंटरनेट अर्काइव्हवर हे गेम ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतात. ‘पिटफॉल’ उघडा, पाच-सात पडदे उजवीकडे पळा, मग मागे वळा. तेच जंगल परत येताना पाहा आणि ते एका बाइटमधून येतंय हे घरातल्या मुलांनाही सांगा. डेव्हिड क्रेन हे नावही सांगा.